पाच भाग आणि एक बिननंबरी बटण

कादंबरी लिहिण्यात काही विशेष नाही. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींना उत्तरं लिहितो. "आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे" हे वाक्य ज्याला न हसता लिहिता येतं, त्याला कादंबरी अवघड जाऊ नये. मला लिहायला कुणी शिकवलं नाही. ज्यांना शिकवलं होतं त्यांची पुस्तकं मी वाचली आणि आपण वाचलो असं वाटलं. तर माझी कादंबरी लिहून होत आली होती, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि प्रकाशकाने पहिली काही पानं चाळून विचारलं, "ही एकटीच आहे, की मालिका आहे?"

स्थळ सांगून आल्यावर मुलाला भावंडं किती म्हणून विचारतात ना, तसं विचारलं.

"एकटीच," मी म्हणालो.

"अरेरे," प्रकाशक म्हणाला. "म्हणजे वाईट नाही. पण एकटं पुस्तक आजकाल दुकानात केविलवाणं दिसतं. चार-पाच भाग असले की कपाट भरतं. वाचकालाही धाक बसतो. बघा, विचार करा, सोमवारी सांगा. मालिका असेल तर लगेच पहिला भाग छापायला घेतो. एकटी असेल तर..." आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती.

मी चिडलो. मी लवकर चिडतो, आणि मला ते आवडतं. पण घरी येताना, खरं सांगतो, पाच भाग माझ्या डोळ्यांपुढे एका ओळीत उभे राहिले. कपाटाच्या काचेमागे, एकाच रंगाचे, कण्यावर माझं नाव पाच वेळा. माणसाला एकदा स्वतःचं नाव छापलेलं दिसावंसं वाटतं हे समजण्यासारखं आहे. पाच वेळा दिसावंसं वाटतं तेव्हा राग कुठे जातो कोण जाणे.

आता ती कादंबरी. एक लिफ्टमन आहे. मोठ्या जुन्या इमारतीत तो लोकांना वर नेतो, खाली आणतो. एक बाई रोज संध्याकाळी त्याच्या लिफ्टमधून खाली उतरते, हातात ओली छत्री, बाहेर कडक ऊन. ती उतरते, पण तिला वर नेल्याचं त्याला कधीच आठवत नाही. लिफ्टच्या पाटीवर सगळ्या मजल्यांच्या बटणांच्याही वर एक बटण आहे, त्याच्यावर नंबर नाही. तो ते कधी दाबत नाही. एवढंच. ही काय गोष्ट झाली, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं, बाजारात भरपूर आहे.

हे बटण मी बनवलेलं नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते खरोखर आहे. बिल्डरच्या मनात पाच मजले होते, परवानगी चारचीच मिळाली, पाटी मात्र आधीच बनून आली होती. त्या लिफ्टची मोटार जळली आणि ती बरोबर आमच्या तिसऱ्या मजल्यावर, दाराला दार लावून थांबली. नवी मोटार आली, बसली, पण निरीक्षकाचा दाखला आला नाही. दाखला नाही म्हणून लिफ्टला वीज नाही. अख्खी इमारत जिने चढत धापा टाकत होती, आणि मी आत एक स्टूल ठेवलं, गुडघ्यांवर इस्त्रीची फळी आडवी घेतली आणि वर्षानुवर्षं अर्धवट पडलेली कादंबरी पुढे लिहायला लागलो. घरात मला टेबल नाही. घरात मला कोपराही नाही. जो होता तिथे कपडे वाळत असतात. लिफ्टला तीन भिंती, एक जाळी, आणि एक आरसा, ज्यात न बघायची सवय मी लावून घेतली. जाळी ओढून घेतली की जिन्याच्या खिडकीतून येणारा उजेड फळीवर चौकटी-चौकटींनी पडायचा, दुपार कलली की त्या चौकटी हळूहळू भिंत चढायच्या, आणि आपण हललेलो नसताना आपणच वर चाललोय असं वाटायचं. त्या लिफ्टने मला जितकं फिरवलं तितकं चालू असताना कुणाला फिरवलं नसेल.

"अहो लेखक," सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढता चढता जाळीपाशी थांबून म्हणायचे, "लोक माझ्या नावाने खडे फोडतायत आणि तुम्ही आत हवा खाताय. दाखला येऊ नये म्हणून नवस तर नाही ना बोललात?"

बोललो नव्हतो. पण सुचवल्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

प्रकाशकाचा प्रश्न मी घरी सांगितला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"शेवट झाला का?" तिने विचारलं.

"अगं, तोच तर प्रश्न आहे. एकच असेल तर शेवट हवा. मालिका असेल तर नको."

"म्हणजे मालिका असली की शेवट लिहायचं टळतं."

"टळतं नाही. पुढे जातं."

"पाणीपुरवठ्यासारखं," ती म्हणाली, आणि माझा सदरा घडी घालायच्या ऐवजी पुन्हा पिळला.

बायकोला साहित्यातलं कळत नाही असं लिहिण्याची पद्धत आहे. माझी अडचण अशी की हिला कळतं. म्हणून मी बाहेरचा सल्ला घ्यायचं ठरवलं, आणि इथे गोष्ट हाताबाहेर गेली.

मी हस्तलिखिताचे तीन गठ्ठे केले. मालिका म्हणून वाचलं तर कसं वाटतं ते कळावं हा हेतू. पहिला गठ्ठा चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना दिला, दुसरा खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना, तिसरा सेक्रेटरींना. "हा भाग एकटा उभा राहतो का, एवढंच सांगा," असं प्रत्येकाला सांगितलं. कुणाकडे कितवा भाग आहे ते सांगितलं नाही, मत शुद्ध यावं म्हणून. तिघांनीही आपल्याकडे पूर्ण कादंबरी आहे असं धरलं. आपल्या लोकांना तिसरा भाग हातात दिला तरी पहिला कुठे आहे असं कुणी विचारत नाही. सुरुवात कळली नाही तर दोष आपल्या अकलेचा समजतात आणि नेटाने पुढे वाचतात. आपल्याकडचं निम्मं साहित्य ह्याच एका गुणावर जगलं आहे.

दोन दिवसांनी जिन्यात आवाज चढले. मी लिफ्टमध्येच होतो, जाळीआड.

"किती गुणी मुलगा हो तो लिफ्टमन," गाण्याच्या बाई सांगत होत्या. "ती छत्रीवाली उतरली की तिच्या छत्रीचं पाणी पुसत नाही. तसंच ठेवतो. मला भरून आलं."

"गुणी?" डॉक्टर म्हणाले. "बाई, त्याला बायको आहे. बायकोला सांगतो ड्यूटी वाढली, आणि लिफ्टमध्ये बसून राहतो. लबाड माणूस आहे. मिशी काय उगाच ठेवलीय?"

"मिशी? त्याला अजून मिसरूडही फुटलेलं नाही. काहीतरी काय बोलता, कवळी बसवायला आलेल्यासारखं."

"अहो, पान पान भरून मिशी आहे."

"तुम्ही दोघं कशाबद्दल बोलताय?" सेक्रेटरींनी वरच्या पायरीवरून विचारलं. "तो म्हातारा आहे. त्याला ऐकू येत नाही. घंटा वाजली की लिफ्टच्या भिंतीला तळवा लावून ओळखतो. आणि बायको वारलीय त्याची."

मग गाण्याच्या बाई हळूच म्हणाल्या, "वारली?"

"वारली."

"लग्न कधी झालं त्याचं? आणि मला कुणी सांगितलंही नाही?"

एका माणसाच्या तीन वयांवरून तीन शहाणी माणसं जिन्यात भांडत होती, आणि तो माणूस माझा होता. सगळा राग विरघळून अंगभर काहीतरी गोड पसरलं. वाटलं, झालं. मालिकाच. तीन नाही, पाच. बालपणाचा एक भाग, छत्रीवालीचा एक. पाचव्या भागाच्या शेवटी तो बटणाकडे बोट नेईल. मग सहावा.

मी जाळी सरकवून बाहेर आलो आणि जाहीर केलं. डॉक्टर म्हणाले, "मग आधीचं द्या." बाई म्हणाल्या, "मग पुढचं द्या." सेक्रेटरी म्हणाले, "माझ्याकडचं संपतच नाही, ते आधी सांगा. पान उलटलं आणि पुढे काहीच नाही. मी पलंगाखालीसुद्धा बघितलं."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा टाकून मी पुस्तकांना नंबर देणाऱ्या कार्यालयात गेलो. प्रकाशक म्हणाला होता की हे काम लेखकाने स्वतः केलं तर बरं, म्हणजे त्याला करावं लागणार नाही. खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं, "एकूण भाग?"

"पाच."

"पाचांची नावं?"

चार नावं मी जागच्या जागी रचली. पाचव्याला "शेवट" म्हणालो.

"लिहून झालेत?"

"एक झालाय. म्हणजे होत आलाय."

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. मी त्या नजरेला ओळखतो. खिडकीच्या आतल्या बाजूने रोज तीच वापरतो. "एकदा पाच नोंदवले की पाच यायला पाहिजेत," तो म्हणाला. "नाही आले तर?"

"येतील."

"सगळे असंच म्हणतात. आमच्याकडे एक पहिला भाग आहे, माझ्या आधीच्या माणसाच्या काळातला. त्याचा लेखक अजून अधूनमधून येतो. त्या बाकावर बसतो, थोडा वेळ थांबतो, जातो."

मी बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता, पण बसून बसून मध्ये खोलगट झाला होता. बसमधून घरी येताना मला तो बाकच दिसत राहिला.

"पाच नोंदवून आलो," मी बायकोला सांगितलं.

तिने विचारलं, "तुमच्या त्या लिफ्टमनला किती वर्षं झाली लिफ्टमध्ये?"

"म्हणजे कादंबरीत?"

"कादंबरीत आणि तुमच्याकडे. आपल्या लग्नाआधीपासून तो तिथे उभा आहे. मला आधी दया यायची, आता राग येतो. त्याचा नाही, तुमचा. त्याला वर जायचंय हो. तुम्हीच जाऊ देत नाही. तो गेला की तुम्ही काय कराल ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून त्याला आणखी चार भाग उभा ठेवणार."

मी अनेकांना तोंडावर खरं बोललेलो आहे. आमच्या साहेबांना, एका अध्यक्षांना, भर सभेत एका समीक्षकाला. ह्या सगळ्यांना तेव्हा कसं वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी फळी उचलली आणि लिफ्टमध्ये जाऊन बसलो.

रविवारची दुपार होती. खाली फळ्यावर नोटीस लागली होती की आज निरीक्षक येणार आहेत, कुणी लिफ्टमध्ये जाऊ नये. मी ती वाचली नव्हती. मी स्वतः नोटिसा लिहितो, त्यामुळे मी नोटिसा वाचत नाही.

उजेडाच्या चौकटी भिंत चढत होत्या. मी कोऱ्या पानावर "प्रकरण शेवटचं" असं लिहिलं आणि ते खोडावं की राहू द्यावं ह्या विचारात होतो. नेहमीसारखं वाटायला लागलं की आपण वर चाललोय. जाळीबाहेर आमचं दार खाली गेलं. आधी पायपुसणं गेलं, मग दाराची कडी गेली. बरं वाटलं. इतकं स्पष्ट आजवर कधी वाटलं नव्हतं. मग विटांची भिंत आली, तिच्यावर कुणा गवंड्याने कधीतरी कोळशाने काढलेला एक मासा होता. तो मासाही शांतपणे खाली गेला. मग खाडकन धक्का बसला, आरसा थरथरला, आणि मला कळलं की ही कल्पनाशक्ती नव्हे, मोटार आहे.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली. माझ्या डोळ्यांसमोर चौथ्या मजल्याची फरशी होती, आणि तिच्यावर पावलं जमायला लागली. गाण्याच्या बाईंची पावलं मी कधी पाहिली नव्हती. ती ताल धरत होती. शेजारी डॉक्टरांच्या चपला. पायांखाली जी फट होती तिथून तिसऱ्या मजल्यावरून बायकोचा आवाज आला.

"अहो, आत तुम्हीच आहात ना?"

"हो."

"चपला दिसल्या म्हणून विचारलं. उलट्या घातल्यात."

वर गच्चीवर निरीक्षक आणि मोटारवाला. हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली घेता येते, पण आत माणूस असेल तर सेक्रेटरींची लेखी परवानगी लागते, आणि शिक्का लागतो. शिक्का सेक्रेटरींच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या बायकोबरोबर बाजारात गेलेली. सेक्रेटरी किल्ली आणायला पळाले. निरीक्षक जिन्यावर येऊन बसला. "आत माणूस नसता तर आत्ता सोडवली असती," तो म्हणाला. हे वाक्य मी आमच्या खात्यासाठी लक्षात ठेवलं.

"घाबरलात का?" बाईंनी वाकून विचारलं. उलटा चेहरा, लोंबणारी वेणी.

"नाही."

"मग बसलाच आहात तर वाचा. मला अजून त्याचं लग्न कसं झालं तेही कळलेलं नाही, पण शेवट तरी कळू द्या."

"शेवट लिहिलेला नाही."

"मग सांगा," खालून बायको म्हणाली.

आणि मी सांगितला. काय सांगितलं ते आज मला नीट आठवत नाही. इतकं आठवतं की समोर विटा होत्या, हातात फळी होती आणि आवाज माझा नव्हता असं वाटत होतं. लिफ्टमनने बिननंबरी बटण दाबलं. एकेक मजला खाली गेला, एकेका मजल्याचा वास खाली गेला, ओल्या कपड्यांचा, औषधांचा, नव्या रंगाचा. मग भिंत संपली तरी लिफ्ट जातच राहिली. दिव्यासारखं काही नव्हतं, पण दिसत होतं. पावसाचा आवाज येत होता. बाईंची पावलं ताल धरायची थांबली होती. सेक्रेटरी परत आल्याचं मला त्यांच्या धापेवरून कळलं, पण शिक्का कुणी मागितला नाही, आणि त्यांनीही दिला नाही.

मी थांबलो तेव्हा जिन्यात इतकी शांतता होती की खालच्या नळाचं थेंबथेंब गळणं ऐकू आलं. त्या नळाची तक्रार माझ्याच टेबलावर पडून आहे.

"संपली?" डॉक्टरांनी विचारलं.

"संपली."

मग वर चाक फिरलं, मासा पुन्हा वर गेला, आमचं दार वर आलं. मी जाळीला हात घालणार तेवढ्यात बायकोने ती बाहेरून सरकवली.

लगेच मी लिहायला बसलो, आणि काही म्हणजे काही आठवेना. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, वर ती छत्रीवाली गात होती. डॉक्टर म्हणाले, छे, वर त्याची बायको वाट बघत होती आणि त्याने माफी मागितली. सेक्रेटरी म्हणाले, वर कुणी नव्हतं, फक्त स्वच्छ जिना होता, रंग दिलेला. माझ्या जिभेवरून गेलेला शेवट तिघांनी घरी नेऊन आपापल्या सोयीने वाढून घेतला होता. रडकुंडीला येऊन मी बायकोला विचारलं.

"मला मधलं नाही आठवत," ती म्हणाली. "शेवटचं आठवतं. लिफ्ट थांबली. जन्मभर दुसऱ्यांना दार उघडून दिलं म्हणून त्याने सवयीने जाळीला हात घातला. पण दार आधीच, बाहेरून, कुणीतरी उघडलं होतं."

"कुणी?"

"ते तुम्ही नाही सांगितलं. बरं केलंत."

तेवढं एक वाक्य पुरलं. मधलं मी त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी पुन्हा लिहून काढलं.

सोमवारी प्रकाशकाकडे जायच्या आधी मी नंबरच्या कार्यालयात गेलो. "चार भाग रद्द करायचेत," मी सांगितलं.

"कारण?"

"कादंबरी संपली."

"असं कारण यादीत नाही," कारकून म्हणाला. बराच शोधून त्याने "इतर" वर खूण केली. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जाताना मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी ओळख असल्यासारखा स्वीकारला.

"एकटी," मी प्रकाशकाला सांगितलं.

त्याने शेवटचं पान वाचलं. मग त्याच्या आधीचं वाचलं. मग पुन्हा शेवटचं. "दार कोण उघडतं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"पुढच्या भागात कळेल असं एक वाक्य टाकता येईल का?"

"येईल," मी म्हणालो. "पण मग मी पुस्तक उचलून घरी जाईन, आणि जाताना तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते जिन्यात उभा राहून मोठ्याने सांगेन. आता मला जिन्यात बोलायचा सराव आहे."

तो खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला. "केविलवाणं दिसेल दुकानात," तो म्हणाला. मग गठ्ठा ओढून आपल्या खणात ठेवला आणि खण लावला.

लिफ्ट आता चालू आहे. दाखला काचेत लावला आहे. सगळे वर-खाली करतात, आरशात बघतात, बिननंबरी बटणाकडे कुणी बघत नाही. पण एकदा मी डॉक्टरांना ते हळूच दाबताना पाहिलं. काही झालं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून बटण पुसलं.

माझी खोली गेली, हे खरं. एक-दोन दिवस मी फळी घेऊन घरात इकडून तिकडे फिरलो. मग लक्षात आलं की लिफ्ट सुरू झाल्यापासून जिन्यात चिटपाखरू नसतं. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, खिडकीखाली, एक पायरी रुंद आहे. उजेड तोच, चौकटी त्याच, फक्त इथे त्या भिंतीऐवजी पायऱ्या चढतात.

काल बायको भाजीची पिशवी घेऊन जिन्याने वर आली. लिफ्ट असताना.

"दुसरा भाग का?" तिने कोऱ्या पानाकडे बघत विचारलं.

"नाही. दुसरी."

"बरं," ती म्हणाली. "मग जरा सरका." आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली.